सांगली-मिरज रस्त्यावर बीआरटी? हुबळीहून परतल्यावर पडलेला प्रश्न

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात घरच्या एका कामासाठी चार दिवस हुबळी-धारवाडला होतो. मिरजेत गाडीत बसलो, बेळगाव-लोंढा करत धारवाडला उतरलो. काम हुबळीत. पाहुणे म्हणाले, रिक्षा कशाला, चिगरीनं जा. चिगरी म्हणजे कानडीत हरीण. तिथल्या बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे बसची जलद वाहतूक) बसचं नाव.

रस्त्याच्या मधोमध स्टेशन. बाहेर खिडकीवर तिकीट काढायचं, दांड्यातून आत जायचं, फलाटावर उभं राहायचं. फलाट बसच्या फळीच्या बरोबरीनं, पायरी चढायची भानगड नाही. बसला उजव्या बाजूनं दारं. वीसेक किलोमीटरचं अंतर, पण बाजूच्या गर्दीशी बसचा संबंधच नाही, कारण तिची लेन वेगळी. स्टेशनापाशी ती लेन दुहेरी होते, त्यामुळे थांबलेल्या बसला जलद बस मागे टाकून निघून जाते. २०१८ च्या ऑक्टोबरात हे सुरू झालं.

परत येताना संध्याकाळी मिरज जंक्शनला उतरलो. जायचं होतं विश्रामबागेत. सहाआसनी रिक्षात पाच जण बसलो होतो, आणि सहावा आल्यावर सातवा, सातवा आल्यावर आठवा, असं करत गाडी हलली तेव्हा माझं निम्मं अंग बाहेर होतं.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. त्यांची जोडशहरं, आपलीही जोडशहरं. त्यांची बरीच वर्षं एकच महापालिका, आपलीही १९९८ पासून एकच. एका टोकाला बाजारपेठ, दुसऱ्या टोकाला रेल्वे आणि दवाखाने. मधे कॉलेजं, मार्केट यार्ड, विश्रामबाग, सगळं एका दोरीत ओवल्यासारखं. २०११ च्या जनगणनेत आपण पाच लाखांच्या थोडे वर होतो. मग सांगली स्टॅण्ड ते मिरज स्टेशन अशी बीआरटी का होऊ नये?

जाणकारांनी लिहावं. "आपल्याकडे काही होत नाही" हा प्रतिसाद मीच देऊन ठेवतो, म्हणजे इतरांचा वेळ वाचेल.

पेठेत_अडकलेला

पंधरा वर्षं पुण्यात काढलेला सांगलीकर म्हणून सांगतो, नको.

देशातली पहिली बीआरटी पुण्यात आली, डिसेंबर २००६. कात्रज-स्वारगेट-हडपसर. घाईघाईत. काही ठिकाणी लेन होती पण थांबा पूर्ण नाही, काही ठिकाणी थांबा होता पण तिथवर रस्ता ओलांडून जायची सोय नाही. मी कात्रजला राहायचो. रोज सकाळी मधल्या थांब्यावर पोचणं हाच दिवसातला सगळ्यात मोठा पराक्रम असायचा. बसच्या लेनमधे दुचाक्या, दुचाक्यांच्या मागे जीप, आणि सगळ्यात मागे बस.

पुढे २०१५ ला 'रेनबो' नावानं सुधारलेली आवृत्ती आली, ती खरंच बरी होती. पिंपरी-चिंचवडकडचे रस्ते रुंद, तिथं ती चाललीसुद्धा. पण नगर रस्त्यावरची उखडली. आधी बांधायला खर्च, मग काढायला खर्च. हे सांगलीत आणू नका राव.

वडापवाला

धागाकर्ते, तुमचं निम्मं अंग बाहेर होतं ते खरं हाय, पण निम्मं आत होतं ते बी लिवा की! त्या टायमाला तुमाला दुसरं कोण घेऊन गेलं असतं?

मी वीस वर्सं ह्या रोडवर गाडी चालवतोय. दोन गोष्टी सांगतो. एक, सीट भरल्याबिगर आम्ही हलत न्हाई, कारण डिझेल आमच्या खिशातनं जातंय. दुसरी, आमच्याकडं टायमटेबल न्हाई, पण पब्लिकला ठावं असतंय की पाच मिन्टात काय ना काय मिळंल. बसचं उलटं हाय. टायमटेबल हाय, पण पाच मिन्टाचा भरवसा न्हाई.

मीटरपट्टी

वरचा प्रतिसाद चेष्टेत घेऊ नका. वाहतूक शिकवताना ज्यावर दोन तास जातात ते या माणसानं चार ओळीत लिहिलंय. प्रवासी वेळापत्रक बघत नाही, थांब्यावर किती ताटकळायचं ते बघतो. दर पाच-सात मिनिटांनी बस आली की घड्याळाकडे बघायची गरज संपते. ती गरज जिथं उरते तिथं लोक हप्त्यावर दुचाकी घेतात.

आता बीआरटीकडे. लोकांना वाटतं बीआरटी म्हणजे वेगळी लेन. लेन हा तिचा फक्त एक भाग. ब्राझीलमधल्या कुरिटिबानं १९७४ ला हे सुरू केलं. तिथले तेव्हाचे महापौर जैमे लर्नर, मूळचे वास्तुविशारद. मेट्रो परवडत नव्हती, तेव्हा त्यांनी विचारलं की मेट्रोतलं नक्की काय लोकांना आवडतं? स्वतःची वाट, आधी काढलेलं तिकीट, सपाट फलाट, भरपूर दारं, आणि लगेच येणारी पुढची गाडी. हे सगळं बसला दिलं की काम झालं. शिवाय उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्याच मार्गांच्या कडेला दिली, म्हणजे प्रवासी आपोआप बसच्या दारात. हा शेवटचा भाग आपल्याकडे नक्कल करताना सगळे विसरतात.

मग कोलंबियातलं बोगोटा, डिसेंबर २०००. तिथल्या ट्रान्समिलेनिओ बीआरटीनं ताशी एका दिशेनं चाळीस हजारांच्या वर माणसं नेऊन दाखवली. बऱ्याच मेट्रोंना हे जमत नाही. गुपित तेच, जे धागाकर्त्यानं हुबळीत पाहिलं. स्टेशनापाशी ओलांडायला जादा लेन. ती नसेल तर पहिली बस थांबली की मागच्या सगळ्या थांबल्या.

रुंदीचा हिशेब असा. बसच्या दोन लेन प्रत्येकी साडेतीन मीटर, म्हणजे ७. मधला फलाट निदान ३. दोन्हीकडे इतर वाहनांना दोन-दोन लेन, ३ मीटरची एक धरली तर १२. दोन्ही फूटपाथ २-२ मीटर, म्हणजे ४. बेरीज २६. ओलांडायची लेन धरलेलीच नाही. आपला शंभर फुटी रस्ता नावाप्रमाणे शंभर फूट असेल तर साडेतीस मीटर, तिथं हे बसतं. सांगली-मिरज रस्त्यावर काही टप्प्यांत बसेल, पण दोन्ही टोकांना, गावठाणात शिरताना, नाही बसणार. आणि कोंडी नेमकी टोकांनाच असते.

माधवनगरची

रुंदीचं तुम्ही बघा, मी उंचीचं सांगते. आई सत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले. महिन्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. बसची पहिली पायरी तिच्या गुडघ्याइतकी. एक हात दांडीला, एक माझ्या खांद्यावर, मागून कुणीतरी "चला मावशी, आटपा" म्हणतंय. शेवटी दर वेळी स्पेशल रिक्षा करतो.

मिरजेला येणाऱ्यांत अशी माणसं किती असतील बघा. अथणी, कागवाड, चिकोडीकडून पेशंट येतात. मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉन्लेस डॉक्टरांच्या काळापासूनच मिरज दवाखान्यांचं गाव. ज्या रस्त्यावर इतके प्लास्टर आणि काठ्या फिरतात तिथं लेन मिळो न मिळो, सपाट चढता येईल असा फलाट किंवा खाली बसलेली बस तरी मिळावी. अख्खी बीआरटी नको, तिचा एक तुकडा द्या.

भडंग_विथ_कांदा

+१ माधवनगरची.

अवांतर: गणपतीत मिरजेच्या स्वागत कमानींखालनं ही बस जाणार कशी? की विसर्जनाच्या दिवशी बसलाच कमानीचा मान?

कृष्णाकाठचा

@भडंग, विसर्जनाच्या दिवशी मिरजेत मुंगी शिरत नाही, बसचं काय घेऊन बसलास.

@मीटरपट्टी, टोकांचं पटलं. पण मग मधल्या टप्प्यापुरती लेन करून उपयोग काय? आणि पेठेत_अडकलेला म्हणतात तसं सगळीकडेच उखडतायत का?

पुलाखालचं_पाणी

उखडल्याची यादी देतो, मजेशीर आहे.

दिल्ली: आंबेडकर नगर ते मूलचंद, ५.८ किमी, २००८. २०१६ मधे काढली. भोपाळ: २०१३ ला सुरू, २०२४ पासून काढायला घेतली. इंदूर: एबी रोड, साडेअकरा किमीच्या आसपास, २०१३. २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं काढायला वाट मोकळी करून दिली. आणि इंदूरची तर बस भरून चालायची!

यातून मी काढलेला अर्थ असा, बरोबर की चूक तुम्ही सांगा. बीआरटी प्रवाशांअभावी मरत नाही, ती शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या रागानं मरते. तो सिग्नलला कोंडीत उभा असतो, बाजूला त्याला रिकामी लेन दिसते. दोन मिनिटांनी तिथून साठ माणसांची बस जाते, ती त्याला दिसत नाही. त्याला मधली दोन मिनिटं दिसतात. आणि पेपरला बातमी देणारा, निवेदन देणारा, आमदाराला फोन करणारा माणूस गाडीतला असतो. बसमधला माणूस तोवर कामावर पोचलेला असतो.

अहमदाबादची जनमार्ग मात्र २००९ पासून टिकली. तिथं मधली बंदिस्त स्टेशनं, बाहेर तिकीट आणि नियमित बस, हे सगळं एकदमच सुरू झालं. आधी लेन, मग बस, असं झालं नाही.

पेठेत_अडकलेला

रागाबद्दल सहमत. मीही नंतर कार घेतली आणि त्याच लेनला शिव्या घातल्या. आधी बसमधून दुचाकीवाल्यांना घालायचो. माणूस तोच.

मीटरपट्टी

पुलाखालचं_पाणी यांचं निदान बरोबर आहे, त्याला आकड्याची जोड देतो. ताशी सहा बस येत असतील आणि प्रत्येकीत पन्नास माणसं असतील तर लेनमधून तीनशे माणसं जातात. तेवढ्यासाठी अख्खी लेन अडवली तर शेजारचा चिडेल, आणि खरं सांगायचं तर त्याचं फार चुकणार नाही. ताशी साठ बस झाल्या की तीच लेन तीन हजार माणसं नेते. मोटारींची लेन एवढी माणसं नेऊ शकत नाही. म्हणून लेन मागायचा हक्क बसनं कमवायचा असतो, फेऱ्या वाढवून.

आता धागाकर्त्याचा प्रश्न, मधल्या टप्प्यापुरती लेन. इथं चीनमधल्या ग्वांगझूचं उदाहरण बघण्यासारखं आहे, २०१० चं. कुरिटिबा, बोगोटात मुख्य मार्गावरची बस सहसा त्या मार्गातच फिरते. बाहेरचा माणूस दुसऱ्या बसनं येऊन तिथं बदलतो. ग्वांगझूत साध्या मार्गांवरच्या बस गल्लीबोळातून येतात, जिथं खास लेन आहे तिथं तिच्यात शिरतात, पुढं बाहेर पडून आपापल्या गावाला जातात. बदलायची कटकट नाही.

आपल्याला हेच जुळतं. सांगली-मिरज रस्त्यावर फक्त शहरी बस नाही. एसटीच्या गाड्या आहेत, बाहेरगावच्या आहेत, कुपवाड एमआयडीसीच्या शिफ्टचे कामगार आहेत. हे सगळे जिथं अडकतात असा किलोमीटर-दीड किलोमीटरचा टप्पा निवडायचा आणि तेवढाच बसला मोकळा द्यायचा. एकच अडचण. मधे स्टेशन केलं तर उजव्या दाराची बस लागते, आणि एसटीला दार डावीकडं. तेव्हा फलाट डाव्या कडेला घ्यावा लागेल. आणि कडेला काय असतं? पार्किंग, गाडे, रिक्षा. भांडण तिथं होणार.

दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे सिग्नल. बस जवळ आल्याचं सिग्नलला कळलं तर हिरवा पाच-दहा सेकंद लांबवता येतो. याला रुंदी लागत नाही, झाड तोडावं लागत नाही, दुकान हलवावं लागत नाही. पण रस्ता एकाचा, सिग्नल दुसऱ्याचा, बस तिसऱ्याची. तिघांना एका टेबलावर बसवणं हे काँक्रीट ओतण्यापेक्षा अवघड.

तिसरं तिकीट. गर्दीच्या वेळी तिकिटं होईपर्यंत गाडी उभी राहते आणि मग डबल बेल पडते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. सगळ्या थांब्यांवर नको, पण स्टॅण्ड, कॉलेज कॉर्नर, विश्रामबाग, मिरज स्टेशन अशा चार-पाच ठिकाणी खालीच तिकीट दिलं तर तेवढाच वेळ वाचतो.

मिरजेचा_तंबोरा

लोकहो, रेल्वे कुणी बोलेना? सांगली, विश्रामबाग, मिरज अशी तीन स्टेशनं रुळावर आयती आहेत. विश्रामबाग स्टेशन तर निम्म्या सांगलीला माहीत नसेल. लोकल सोडा की.

मीटरपट्टी

@तंबोरा, चांगलंच आहे, पण त्या रुळांवर पुणे-मुंबईच्या गाड्या आणि मालगाड्या आधी. दर दहा मिनिटांनी लोकल तिथं घुसवता येणार नाही. शिवाय सांगली स्टेशनातून पेठेत जायला पुन्हा रिक्षाच.

घाटावरून

ई-बसचा विषय कसा निघाला नाही? पीएम ई-बस सेवा ऑगस्ट २०२३ ला मंजूर झाली. देशभरात १०,००० बस, तीन लाखांवरच्या शहरांसाठी. आपलं शहर लोकसंख्येनं त्यात बसतं. बस, चार्जिंगचा डेपो, बस चालवायला किलोमीटरमागे मदत, अशी ती योजना. बीआरटीचं स्वप्न बघण्याआधी या बस कुठल्या मार्गावर किती फेऱ्या करणार यावर भांडूया.

आणि डेपो कुठं, यावर तर आधी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. स्टॅण्डचा परिसर पाण्यात होता, हे इथल्या कुणाला सांगायला नको. २०२१ ला पुन्हा. डिझेलची गाडी ऐनवेळी चालवत उंचावर नेता येते. चार्जिंगची यंत्रणा नेता येत नाही. जागा फुकट मिळतेय म्हणून नदीकडेला डेपो टाकला तर पुरात लोकांना हलवायला लागणाऱ्या बसच चार्ज होणार नाहीत.

माधवनगरची

हा मुद्दा महत्त्वाचा. २०१९ ला आम्ही माधवनगरात पाहुण्यांची चार कुटुंबं ठेवून घेतली होती. तेव्हा बस किती लागतात ते कळलं.

वडापवाला

समदं वाचलं. ग्वांगझू वाचलं, बोगोटा वाचलं. आता माझं ऐका. ताशी साठ बस आल्या तर आम्ही काय करायचं? गाडीचं कर्ज हाय, पोरगी बारावीला हाय. आमाला कुणी इचारलं का? तुमच्या हिशेबात फलाटाला तीन मीटर हाय, फूटपाथला दोन मीटर हाय. आमाला किती मीटर?

कृष्णाकाठचा

दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

पुलाखालचं_पाणी

@वडापवाला, हा प्रश्न दुसरीकडंही आलाय. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला २००९ ला 'रेआ वाया' बीआरटी सुरू झाली. तिथं तुमच्यासारखेच मिनीबस टॅक्सीवाले, भरल्याशिवाय न हलणारे. जोरदार विरोध झाला, हिंसाही झाली. शेवटी वाटाघाटी करून, त्या मार्गावरच्या टॅक्सीवाल्यांनी टॅक्स्या काढून घ्यायच्या आणि बस चालवणाऱ्या कंपनीत भागीदार व्हायचं, असं ठरलं. सगळं गोड झालं असं नाही. पण माणसं मोजली गेली.

आपल्याकडे दुसरंही करता येईल. मुख्य रस्ता बसचा, आणि विश्रामबागेतून कुपवाड, मार्केट यार्डातून आतल्या कॉलन्या, मिरज स्टेशनातून दवाखाने, हे सहाआसनींचं. फेरी लहान, डिझेल कमी, गाडी लवकर भरते.

वडापवाला

लहान फेरीचं भाडं बी लहान. पण बोलाय हरकत न्हाई. इतकी वर्सं कुणी बोललंच न्हाई, नुस्त्या पावत्या फाडल्या.

पेठेत_अडकलेला

मी माझं 'नको' थोडं मागं घेतो. मधे खोदून स्टेशनं बांधायला अजूनही नको. पण फेऱ्या, सिग्नल, खाली तिकीट आणि एखादा टप्पा कडेची लेन, याला हरकत नाही. पाच वर्षं बस भरून चालल्या तर मग मधल्या लेनचं बघू.

कृष्णाकाठचा

धाग्यावर नुसतं बोलण्यापेक्षा एक करूया का? येत्या सोमवारी सकाळी ९ ते ११, विश्रामबाग चौकात उभं राहून बस मोजायच्या. मी येतो. अजून दोघं मिळाले तर दोन्ही दिशा होतील.

मीटरपट्टी

येतो. पण बस नुसत्या मोजू नका. एक गेल्यावर दुसरी किती मिनिटांनी आली ते लिहा. तासाला सहा बस कागदावर छान दिसतात. प्रत्यक्षात तीन एकामागोमाग येतात आणि मग पाऊण तास काही नाही. कारण पुढची बस उशिरा आली की तिच्यासाठी जास्त माणसं साठतात, ती आणखी उशिरा होते, मागचीला माणसंच नसतात म्हणून ती हिला गाठते. वहीत तीन रकाने करा: वेळ, दिशा, आणि बसायला जागा होती की उभे होते.

माधवनगरची

मी दहापर्यंत थांबू शकते. चौथा रकाना माझा. म्हातारं माणूस चढताना कितीदा हात द्यावा लागला.

भडंग_विथ_कांदा

वही माझी. भडंगही माझं.

वडापवाला

च्या माझ्याकडनं. चौकातच असतोय मी नवाला. पर रिक्षा बी मोजा, आन् आत किती बसलेत ते बी लिवा. बाहेर लोंबणारं निम्मं अंग धरून.